बोलण्याच्या स्वातंत्र्याला दोन मापे नकोत

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून आमचे सावरगाव अशी गोटमार सुरू होते. आपल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. दरवर्षी जमावबंदीचा आदेश निघतो, दरवर्षी दगड चालतात, शेकडो जखमी होतात, काही वर्षी माणसेही दगावली आहेत. पूर्वी अशा आदेशांत शस्त्रे, लाठ्या, दगड यांचाच उल्लेख असे. अलीकडे सणासुदीच्या तोंडावर जिल्ह्याजिल्ह्यांतून निघणाऱ्या आदेशांत आणखी एक कलम दिसू लागले आहे. मोबाइलवरून आक्षेपार्ह किंवा भावना भडकवणारा मजकूर पाठवू नये, पाठवल्यास कारवाई होईल, असे ते कलम. म्हणजे दगडाच्या शेजारी आता शब्दही बंदीच्या यादीत येऊन बसला आहे.

दगड कोणता हे सांगावे लागत नाही. पण आक्षेपार्ह शब्द कोणता? तो कोणी ठरवायचा? ठाणेदाराने, तक्रारदाराने, की मोबाइल कंपनीच्या यंत्राने? आणि ज्यांची घरची भाषा राज्याच्या राजभाषेहून वेगळी आहे, त्यांनी या प्रश्नाकडे कसे पाहावे? सीमाभागात याची चर्चा फारशी होत नाही. ती व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आपली अडचण वेगळी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. राज्य पुनर्रचना आयोगाने साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला होता. त्यामुळे छिंदवाडा जिल्ह्यातला सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा इकडेच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी राज्याच्या हिशेबात आपण भाषिक अल्पसंख्य ते अल्पसंख्यच.

अल्पसंख्याच्या हाती असते तरी काय? विधानसभेत बहुमत नाही, तिजोरी नाही. अर्ज, निवेदन, सभा, पाटी, वर्तमानपत्रातले पत्र आणि आता मोबाइलवरचा निरोप एवढीच त्याची साधने. फेब्रुवारी २०२० मध्ये सौंसरला शिवाजी महाराजांचा पुतळा यंत्र लावून हलवण्यात आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्या प्रसंगाच्या चित्रफिती हातोहाती फिरल्या आणि गोष्ट महाराष्ट्रात पोचली. ‘यामुळे भावना भडकतील’ एवढ्या एका कारणावरून त्या चित्रफिती त्याच दिवशी पुसल्या गेल्या असत्या तर? म्हणून बोलण्यावरची बंधने जितकी सैल शब्दांत लिहिली जातील, तितका आपल्यासारख्यांना धोका अधिक. बहुसंख्यांची ओरड ‘लोकभावना’ ठरते आणि अल्पसंख्यांची ओरड चटकन ‘चिथावणी’ ठरू शकते.

नागपूरने दिलेले माप

घटनेच्या १९(१)(अ) कलमाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि १९(२) ने त्याला मर्यादा घातल्या. त्या आठ आहेत: देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने या बंधनांना ‘वाजवी’ हे विशेषण जोडले, ही मोठी गोष्ट झाली. सरकारने घातलेले बंधन वाजवी आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार त्यामुळे न्यायालयाकडे आला. ‘मला वाईट वाटले’ किंवा ‘आमच्या नेत्यावर टीका झाली’ ही कारणे या आठांच्या यादीत नाहीत.

मग शब्दाचा परिणाम कोणत्या मापाने मोजावा? या प्रश्नाचे उत्तम उत्तर आपल्याच जुन्या उच्च न्यायालयातून आले आहे. आपला भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात होता तेव्हा उच्च न्यायालय नागपूरला होते. त्या न्यायालयापुढे भगवतीचरण शुक्ल यांचा खटला आला. १९४७ च्या निवाड्यांच्या संग्रहात तो छापलेला आहे. न्या. विवियन बोस यांनी त्यात सांगितले की, शब्दाचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजला पाहिजे. डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात संकट हुंगणाऱ्या माणसाचे माप येथे चालणार नाही. देश पारतंत्र्यात असताना लिहिलेला हा निकाल आहे.

हे माप कपाटात पडून राहिले नाही. फाळणीच्या दंगलीवरची ‘तमस’ ही दूरदर्शन मालिका बंद करावी म्हणून अर्ज झाले, तेव्हा १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच माप लावून ती चालू ठेवली. २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये नोंदलेला गुन्हा न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांनी रद्द केला, तेव्हाही हाच विचार पुढे आला. आपल्या मुलखातून निघालेला विचार आज देशभर चालतो आणि आपल्यालाच तो ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पालघरचा धडा

मोबाइलच्या युगात हे माप कसे लावायचे, याचा पहिला मोठा धडा महाराष्ट्रातच मिळाला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने या बंदविषयी नापसंतीचे चार शब्द फेसबुकवर लिहिले, दुसरीने त्याला पसंतीची खूण केली. दोघींनाही अटक झाली. जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. त्या मजकुरात शिवी नव्हती, कोणाला मारा असेही म्हटलेले नव्हते.

या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असे मोघम शब्द होते. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. त्या निकालात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखादे मत हिरिरीने मांडणे, मग ते कितीही अप्रिय असो, हे स्वातंत्र्यातच मोडते. बोलणे चिथावणीपर्यंत पोचले म्हणजेच बंधन येते. तरीही अनेक ठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. आपल्या तरुणांपैकी कोणाला कधी ६६अ ची भीती घातली, तर हे कलम २०१५ सालीच गेले एवढे त्याला सांगता आले पाहिजे.

न दिसणारी कात्री

अटक दिसते. मजकूर गुपचूप नाहीसा होणे मात्र दिसत नाही. ६६अ रद्द झाले, पण ६९अ कायम आहे. त्याखाली केंद्र सरकार एखादे संकेतस्थळ, खाते किंवा मजकूर अडवू शकते. देशाची सुरक्षितता, सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठीच ते करायचे, कारण लेखी नोंदवायचे, लिहिणाऱ्याचा पत्ता लागत असेल तर त्याचे म्हणणे ऐकायचे, या अटी आहेत म्हणूनच न्यायालयाने ते कलम राहू दिले. पण याच विषयाच्या २००९ च्या नियमांत तक्रार व कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूदही आहे. वर्तमानपत्राच्या संपादकाला निदान नोटीस येते, तो वकील गाठतो. मोबाइलवर लिहिणाऱ्याला पुष्कळदा एवढेच कळते की काल लिहिलेले आज दिसत नाही. जो आदेश हाती पडत नाही, त्याविरुद्ध दाद कोठे आणि कशी मागायची?

याला उत्तर म्हणून न्यायालयांनी काही आधार दिलेले आहेत. इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल, असे १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितले गेले. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. या दोन्ही निकालांमागचे सूत्र साधे आहे: बंधन घालायचे असेल तर उघड घाला, कारण सांगा, ऐकून घ्या.

शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. आपली आजी नातवाला लाडाने ‘मर मुडद्या’ म्हणते. आपल्या बोलीतले असले प्रेम परक्या यंत्राला किंवा दूरच्या शहरात बसलेल्या परीक्षकाला धमकी वाटली तर नवल नाही. ज्याला आपली बोली कळत नाही, त्याच्या हाती आपल्या बोलण्यावरची कात्री असणे हा सेन्सॉरचा नवा प्रकार होय.

पाटी आणि थप्पड

आतापर्यंतचे विवेचन आपल्या वाचकांना पटेल, कारण त्यात आपण दाबले जाणारे आहोत. आता पुढचे जरा कडू आहे.

बेळगावजवळ येळ्ळूर नावाचे गाव आहे. तेथे ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक होता. जुलै २०१४ मध्ये तो पाडण्यात आला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, मग पोलिसांचा लाठीमार झाला. सीमाभागातल्या प्रत्येक मराठी माणसाला ती लाठी आपल्याच पाठीवर पडल्यासारखी वाटली. एका पाटीने कोणाचे काय बिघडले होते, असे आपण विचारले आणि ते योग्यच होते.

आता अकोला जिल्ह्यातल्या पातूरकडे या. तेथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेले होते. ते काढावे म्हणून एका माजी नगरसेविकेने न्यायालय गाठले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला: मराठी पाटीवर आहेच, तिच्या जोडीला उर्दू असण्यास कायद्याची आडकाठी नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे. न्या. सुधांशू धुलिया यांनी लिहिलेल्या या निकालाचा आनंद आपल्या भागात किती जणांना झाला? मी विचारून पाहिले. बरेच जण गप्प बसले. पण आपली मागणी तरी काय आहे? हिंदी पाटीखाली मराठीची एक ओळ. पातूरच्या उर्दू वाचकाचा आधार तोच आपला आधार आहे. पातूरची ओळ पुसा म्हणणाऱ्याला पांढुर्ण्यात आपली ओळ लिहा असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

त्यानंतर मीरा रोड. मराठी बोलत नाही म्हणून एका दुकानदाराला महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी थपडा मारल्याची चित्रफीत जुलै २०२५ च्या सुरुवातीला देशभर फिरली. आपल्याकडच्या काहींनी ती अभिमानाने पुढे पाठवली. मराठीसाठी आग्रह धरणे, मोर्चा काढणे, दुकानदाराला मराठी शिका म्हणून सांगणे हे सारे अभिव्यक्तिस्वातंत्र्य. थप्पड हे बोलणे नव्हे, तो गुन्हा आहे. आणि ‘यांना चोपा’ असे सांगणारा मजकूर म्हणजे न्यायालयाने सांगितलेली तिसरी पायरी. भारतीय न्याय संहितेचे १९६ वे कलम, म्हणजे पूर्वीचे १५३अ, धर्म व जातीबरोबर भाषेच्या कारणावरून वैर पसरवणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते. तक्रारीची वाट न पाहता अशा द्वेषमूलक भाषणावर गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वच राज्यांना बजावले आहे.

महाराष्ट्रात थप्पड मारणारा तेथे बहुसंख्य आहे. त्या थपडेचे उसने फेडण्याची वेळ येते ती आपल्यासारख्यांवर, जे नदी-नाल्याच्या अलीकडे हिंदी राज्यात राहतात. ‘तिकडे तुम्ही आमच्यांना मारता, इकडे मराठी शाळा मागता?’ हा प्रश्न त्या आठवड्यात मला बाजारात दोनदा ऐकावा लागला.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला सांगताना स्वतःचे झाकून ठेवू नये. मराठी विषयाला शिक्षक मिळावा म्हणून आम्ही जी समिती केली आहे, तिचा मोबाइलवर गट आहे. त्याचा कारभार माझ्याकडे. निवेदन घेऊन भोपाळला जाण्यासाठी आम्ही वर्गणी गोळा केली होती. एके रात्री एका तरुणाने गटावर लिहिले, “सह्या आमच्या, फोटो गुरुजींचे. वर्गणीचा हिशेब कोठे आहे?” मला राग आला. समितीची बदनामी होते असे ठरवून मी तो मजकूर पुसला आणि त्या मुलाला गटातून काढून टाकले.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने हिंदी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी एक मजकूर टाकला. त्यात त्यांच्या बायकामुलांविषयी घाणेरडे शब्द होते, आणि यांना दुकाने सोडायला लावा, अशी हाकही होती. मी तो वाचला. आपल्याच बाजूचा आहे, तरुण रक्त आहे, असे म्हणून राहू दिला. तो दोन दिवस तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी धान्याचे दुकान चालवणारे एक गृहस्थ माझ्या घरी आले. चाळीस वर्षांपासूनची ओळख. त्यांची मुले माझ्या वर्गात शिकलेली, मराठी माझ्याइतकीच चांगली बोलणारी. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि एवढेच विचारले, “गुरुजी, हे तुम्ही वाचलं होतं का?” मला खोटे बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी गटातून काढलेल्या मुलाकडे गेलो. तो म्हणाला, “गुरुजी, बोलाचा हक्क हाये म्हनून तुमीच शिकवलं ना जी? मंग माह्यं बोलनं काहून पुसलं?” हिशेब मागणे हा टीकेचा सर्वांत प्रामाणिक प्रकार. तो मी दाबला होता. चिथावणी मात्र मी सांभाळून ठेवली होती. दोन्ही वेळा मी मजकुरात काय आहे हे पाहिलेच नाही. तो माझ्यावर आहे की दुसऱ्यावर, एवढेच पाहिले. न्या. बोस यांनी सांगितलेल्या डळमळीत मनाचा नमुना मी स्वतःच होतो.

त्या मुलाला परत घेतले, वर्गणीचा हिशेब पावत्यांसह गटावर टाकला. दुसरा मजकूर काढला आणि त्या गृहस्थांची माफी सभेत सर्वांसमोर मागितली. समितीतल्या दोघांना हे आवडले नाही. ‘आपल्याच माणसाला खाली पाहायला लावले’ असे ते म्हणाले. ते अजूनही माझ्याशी फारसे बोलत नाहीत.

काय करता येईल

सरकारने काय करावे हे आधी. भाषिक अल्पसंख्यांसाठी ठरलेल्या धोरणानुसार, ज्या भागात त्यांची संख्या १५ टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे १९६१ पासून मान्य झालेले आहे. मग ज्या आदेशाने आमच्या बोलण्यावर बंधन येते, तो आदेश निदान आमच्या भाषेतही असावा. ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय याची त्यात फोड असावी, मुदत लिहिलेली असावी आणि दाद कोठे मागायची तेही असावे. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ही मागणी मराठीतच लिहून द्यावी.

आपण काय करावे हे त्याहून महत्त्वाचे. मोबाइलवर एखादा मजकूर पुढे पाठवण्याआधी, किंवा दुसऱ्याच्या मजकुराविरुद्ध ठाण्यात जाण्याआधी, दोन प्रश्न विचारावेत. हा मजकूर कोणाच्या कामावर, निर्णयावर, मतावर आहे, की एखाद्या समाजाच्या जन्मावर व भाषेवर? आणि तो कोणाला हात उचलायला सांगतो का? काम, निर्णय, मत यांवर असेल तर कितीही झोंबला तरी सहन करावा आणि उत्तर शब्दाने द्यावे. हात उचलायला सांगत असेल तर तो आपल्या बाजूचा असला तरी थांबवावा. उत्तर देताना मजकुरातली नावे मनात उलटी करून पाहावीत. ‘हिंदी’च्या जागी ‘मराठी’ घालून जे वाचवत नाही, ते पाठवू नये.

गोटमारीला निदान संध्याकाळ असते. झाड निघते, दगड थांबतात, दोन्ही काठांची माणसे चंडीमातेच्या देवळात एकत्र येतात. मोबाइलवरून गेलेल्या शब्दाला अशी संध्याकाळ नसते. तो वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि ज्याने पाठवला त्याच्या मुलाबाळांपर्यंत परत येतो.

समितीच्या पुढच्या सभेत हे दोन प्रश्न आणि मराठीतून आदेश मागणारे निवेदन असे दोन्ही विषय ठेवले आहेत. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी अवश्य यावे आणि विरोधात बोलावे. त्यांचे बोलणे इतिवृत्तात जसेच्या तसे लिहिले जाईल.